मोहाची फुले आणि पिवळी गोळी

प्रायश्चित्तकाळ आणि मोहाचा बहर हे दोन्ही एकाच वेळी येतात, ही आमच्या सायवन भागातील मुलांची जुनी अडचण आहे. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागते, घरोघर गोडाधोडाचा त्याग ठरतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत डोंगरउतारावरची मोहाची झाडे पाने गाळून मोकळी होतात आणि मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत टपटप फुले ढाळू लागतात. डहाणू तालुक्याच्या पूर्वेकडील, तलासरीच्या शेजारचा हा पट्टा. गावाच्या नावातच वन आहे. मार्चअखेरीस पहाटे या वनात शिरावे तर झाडाखालची जमीन आदल्या दिवशीच पाचोळा जाळून स्वच्छ केलेली असते, आणि त्या काळसर जमिनीवर फिकट पिवळी, गुबगुबीत, लहानशा घंटेसारखी फुले पसरलेली असतात. त्यांचा वास काहीसा उग्र, काहीसा दमट. ज्याने लहानपणी तो घेतला नाही त्याला तो आवडत नाही, आणि ज्याने घेतला त्याला पुढे कोणत्याही मिठाईच्या दुकानात तो सापडत नाही.

बालपणीच्या गोड पदार्थांविषयी लिहिताना लेखकमंडळी सहसा हळवी होतात. लिमलेटच्या गोळ्या, जिरागोळी, बत्तासे, होळीच्या साखरेच्या गाठी यांची नावे घेतली की वाचकांच्याही तोंडाला पाणी सुटते आणि लेख तेथेच संपतो. आम्हांस येथे जरा वेगळा विषय मांडावयाचा आहे. ज्या गोडावर कधी ना कधी आरोप झाले, जे कायद्याने, शाळेने, वैद्यांनी किंवा वडीलधाऱ्यांनी वर्ज्य ठरवले, त्या गोडाचा हा वृत्तान्त आहे. आमच्या भागात त्याची सुरुवात मोहापासूनच होते.

प्रथम एक प्रसंग सांगितला पाहिजे, कारण तो सांगितल्याशिवाय पुढचे लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाही.

सत्तरच्या दशकाच्या आरंभीची गोष्ट. आम्ही एका वसतिगृहात राहून शिकत होतो. सुट्टीहून परतल्यावर मुलांच्या पत्र्याच्या पेट्या तपासण्याची तेथे रीत होती, आणि ते काम मोठ्या वर्गातील दोन-तीन मुलांकडे सोपवलेले असे. त्या वर्षी त्या मुलांत आम्ही होतो. सायवनकडच्या एका वारली मुलाच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी, पळसाच्या पानात बांधलेला एक पुडा निघाला. मोहाची सुकवलेली फुले भाजून, त्यांत तीळ घालून उखळात कुटून त्याच्या आजीने लाडू वळून दिले होते. वास ओळखीचा होता. आम्हांस तो ओळखीचा होता हे लपवण्याची घाई आम्हांस अधिक होती. आम्ही पुडा वर धरला आणि "दारूचा माल आणला आहे" असे मोठ्याने सांगितले. पुडा फेकला गेला, मुलाला छड्या बसल्या. त्याच आठवड्यात सणानिमित्त सर्व मुलांना खाऊ वाटला गेला. त्यात गडद पिवळ्या रंगाच्या गोळ्या होत्या. त्या चघळल्यावर जीभ आणि बोटे संध्याकाळपर्यंत पिवळी राहत. त्या मुलालाही त्या मिळाल्या.

त्या दोन गोडांपैकी अपायकारक कोणता होता, हे समजावयास आम्हांस पुष्कळ वर्षे लागली.

मोहाच्या फुलावर गुन्ह्याचा शिक्का बसला तो मात्र कोणा शिक्षकाने किंवा धर्मगुरूने मारलेला नव्हता. तो त्यांच्याही आधीचा आहे. मुंबई इलाख्याच्या सरकारने १८७८ साली अबकारी कायदा केला. त्यापूर्वी गावोगावी छोट्या भट्ट्या चालत आणि ताडाच्या झाडांवर माफक आकार असे. नव्या कायद्याने गावच्या भट्ट्या बंद करून दारू मोठ्या केंद्रांत गाळण्याची आणि मक्तेदारांमार्फत विकण्याची पद्धत बसवली. ताडीच्या झाडांवरील करही वाढला. सरकारी महसुलाच्या दृष्टीने हे सोयीचे होते. पण ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या जंगलांत मोह उदंड होता आणि मातीच्या दोन मडक्यांत दारू गाळण्याची विद्या घरोघर होती. मक्तेदाराची महाग दारू कोण घेणार? भट्टी शोधणे अवघड, मडके फोडले तर दुसरे मिळते. तेव्हा सरकारने मुळावरच घाव घालण्याचे ठरवले. १८९२ साली 'मुंबई मोहरा कायदा' आला. ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी केलेल्या या कायद्याने मोहाची फुले गोळा करणे, बाळगणे आणि त्यांची ने-आण करणे यांवरच निर्बंध आले.

येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. कायद्याने दारूवर निर्बंध घालावा हे समजू शकते. परंतु येथे निर्बंध आला तो झाडावरून गळणाऱ्या फुलावर. द्राक्षापासून मद्य होते म्हणून द्राक्षे बाळगणे गुन्हा ठरवल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आणि गंमत अशी की, उरणच्या मोठ्या भट्ट्यांत जी सरकारमान्य दारू गाळली जाई तीही मोहाच्या फुलांचीच असे. फुले गुजरातेतून गाड्या भरभरून येत. म्हणजे फूल तेच, मडक्याचा मालक तेवढा निराळा. उरणला ते महसूल ठरे आणि सायवनच्या झोपडीत तोच चोरीचा माल ठरे.

या साऱ्यात जी गोष्ट कायदा करणाऱ्यांनी दृष्टीआड केली ती ही की मोह हे आधी अन्न होते आणि मग मद्य. सुकलेल्या फुलात निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. वारली, कातकरी, कोकणा या जमातींच्या घरांत फुले उन्हात वाळवून कणगीत भरून ठेवत. नागली आणि वरई संपत आली की आषाढ-श्रावणाच्या ओल्या, भुकेल्या दिवसांत हीच फुले भाजून, उकडून, चिंचोक्यांबरोबर शिजवून किंवा नागलीच्या पिठात मिसळून खाल्ली जात. जॉर्ज वॅट यांनी १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील व्यापारी उत्पन्नांवरील ग्रंथातही मोहाची नोंद अन्न म्हणून आहे, म्हणजे राज्यकर्त्यांना ते ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. मुलांपुरते बोलायचे तर साखर ही त्या काळी डोंगरात औषधापुरती दिसे. गूळ बाजारातून आणावा लागे आणि त्याला पैसा लागे. मोह तेवढा फुकट होता. सकाळी टोपली घेऊन गेलेले पोर दोन मुठी तोंडात टाकूनच परत येई. ताजी फुले फार खाल्ली तर डोके जड होते, हा अनुभव प्रत्येकाने एकदा घेतलेला असे. दुसऱ्यांदा घेण्याची हौस सहसा कोणास नसे.

आता दुसरी बाजू न मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. मोहाच्या दारूने या भागातील घरे उद्ध्वस्त केली हे खोटे नाही. सावकार आणि जमीनदार यांच्या पाशात वारली समाज कसा अडकला होता हे १९३०च्या दशकाअखेर डी. सिमिंग्टन यांनी सरकारला सादर केलेल्या अहवालात आले आहे, आणि गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लग्नापायी आयुष्यभर वेठीला बांधल्या गेलेल्या माणसांची कहाणी आहे. त्या लग्नाच्या कर्जात दारूचाही वाटा असे. हे दुःख आदिवासींना दुसऱ्याने सांगावे लागले असेही नाही. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी लोकांत देवीच्या नावाने एक लाट उठली, ती वारल्यांत आणि पुढे दक्षिण गुजरातेतील आदिवासींत पसरली. अंगात आलेल्या देवीच्या मुखातून आज्ञा झाली ती दारू आणि ताडी सोडण्याची. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने या चळवळीवर १९८७ साली संपूर्ण ग्रंथ लिहिला आहे. ज्यांना आपण व्यसनी म्हणून नावे ठेवली त्यांनी स्वतःच्या मनाने, कोणा पुढाऱ्याच्या वा पाद्रीबाबाच्या उपदेशावाचून, हजारोंच्या संख्येने मद्यत्याग केला होता, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांत का आली नाही न कळे.

तेव्हा मिशनच्या माणसांनी मोहाकडे संशयाने पाहिले यात त्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही. नवख्या ख्रिस्ती कुटुंबाला व्यसनापासून दूर ठेवावे ही त्यांची तळमळ होती. चूक झाली ती एवढीच की दारू आणि लाडू यांत फरक करण्याइतकी चौकशी कोणी केली नाही. आणि ज्यांना फरक ठाऊक होता त्या आमच्यासारख्यांनी तोंड उघडले नाही.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती बदलली, पण फुलाचे नशीब बदलले नाही. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ साली आला. त्यातही मोहाची फुले आणि मळी यांच्यावरील निर्बंध कायम राहिले. मात्र या वेळी झळ एकट्या डोंगराला लागली नाही. किनाऱ्याकडील आपल्या ख्रिस्ती बांधवांनाही ती लागली, आणि तीही खाऊच्याच निमित्ताने. वसई आणि उत्तर मुंबईच्या घरांत सणासुदीला होणारे फुगे आणि सांदणे ताडी घालून फुगवली जात. ताजी ताडी म्हणजे आंबवण. ती पीठ हलके करते आणि तिची किंचित आंबूस गोडी पदार्थात उतरते. दारूबंदीत ताडीच अवैध ठरल्यावर नाताळच्या आदल्या दिवशी आयाबायांनी काय करावे? पुष्कळ घरांत पावाच्या यीस्टवर भागवले गेले. काही घरांत ओळखीच्या भंडाऱ्याकडून संध्याकाळी पदराआड तांब्या येई. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध बाई म्हणत की, फुग्यांसाठी आणलेल्या ताडीचा कबुलीजबाब द्यावा की नाही हे त्यांना कधी ठरवता आले नाही. आम्हांसही ते ठरवता येणार नाही.

ताडीची गोष्ट मोहापेक्षाही अधिक विचार करायला लावणारी आहे. रात्री झाडाला बांधलेल्या मडक्यात जो रस जमतो तो पहाटे निर्मळ गोड असतो. त्याला नीरा म्हणतात. ऊन चढू लागले की तोच रस आंबतो आणि दुपारपर्यंत त्याची ताडी होते. एकाच मडक्यातील द्रव सूर्योदयाला पौष्टिक पेय आणि मध्यान्ही दंडनीय वस्तू! मडक्याला आतून चुना लावला तर आंबणे लांबते. या साध्या युक्तीवर एक संपूर्ण ग्रामोद्योग उभा राहिला. गांधीजींनी 'हरिजन'मधून ताडगुळाचा पुरस्कार केला, गजानन नाईक यांनी त्या कामाला वाहून घेतले, आणि पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाचे ताडगुळाच्या प्रशिक्षणाचे केंद्र आपल्या डहाणूतच आले. डहाणूच्या मुलांनी ताडगुळाचा खडा खाल्ला तो या चळवळीमुळे. काळपट, किंचित धुरकट चवीचा तो खडा पांढऱ्या साखरेला सरावलेल्या मुलांना फारसा रुचत नसे, हे मात्र कबूल केले पाहिजे.

एक प्रश्न आम्हांस नेहमी पडतो. ताडीला सुधारण्यासाठी एवढी विद्वत्ता, एवढे प्रयोग आणि एवढ्या संस्था पुढे आल्या. मोहाला सुधारण्यासाठी तितक्या का आल्या नाहीत? ताडाखाली भंडारी होता, त्याचा किनाऱ्यावर आवाज होता. मोहाखाली वारली होता. पारशी-इराणी बागाईतदारांनी वाढवलेल्या डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा आम्हांस आनंदच आहे; चिकू गोड आहे. पण तो या मातीत येण्यापूर्वी कितीतरी आधीपासून येथील मुलांचे तोंड मोहाने गोड केले होते.

आता त्या पिवळ्या गोळीकडे वळू.

कासा किंवा तलासरीच्या बाजारात खाऊवाल्याच्या टोपलीत जो रंगांचा थाट असे तो आजही डोळ्यांपुढे येतो. पिवळी बुंदी, केशरी जिलेबी, गुलाबी रेवडी, हिरवी-तांबडी लिमलेट, काठीवर गुंडाळलेले 'बुढ्ढीके बाल' आणि बर्फाचा गोळा, ज्यावर कोणत्या बाटलीतून काय ओतले जाई हे विचारण्याचा प्रघात नव्हता. डोंगरातून चालत आलेल्या मुलाला हे रंग म्हणजे दुसऱ्या जगाची बातमी वाटे. मोहाचा लाडू मातकट आणि काळसर. ही गोळी कशी झळकते! आम्हांस तर वाटते की चवीपेक्षाही या रंगानेच मोहाला हरवले.

हा रंग पुष्कळदा मेटॅनिल यलो नावाचा असे. हा कापड-कातड्याच्या कामाचा कोळशाच्या डांबरापासून होणारा रंग. स्वस्त, झळझळीत आणि उष्णतेने न उडणारा. खाद्यपदार्थांत त्याला परवानगी नाही. केंद्र सरकारचा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली झाला, १९५५ पासून तो अमलात आला आणि त्याच्या नियमांनी ठराविक कृत्रिम रंगांखेरीज बाकीचे वर्ज्य केले. लखनौच्या विषशास्त्र संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी पुढील दशकांत बाजारातील मिठाया तपासल्या, तेव्हा हे वर्ज्य रंग राजरोस वापरले जात असल्याचे वारंवार दिसून आले, आणि मेटॅनिल यलो प्राण्यांना दिल्यास त्यांच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो असेही आढळले. म्हणजे आमच्या वसतिगृहात वाटलेल्या गोळ्यांत हा रंग असेल तर त्याही बेकायदेशीरच होत्या. फरक एवढाच की, त्यांची पेटी कोणी उघडून पाहिली नाही. वाटणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हते. त्यांनी प्रेमानेच वाटल्या.

मुलांच्या खाऊत विष जाण्याची गोष्ट काही आपल्याच देशाची नाही. इंग्लंडातील ब्रॅडफर्ड शहरी १८५८ साली एका मिठाईवाल्याने साखर वाचवण्यासाठी गोळ्यांत स्वस्त पांढरी भुकटी मिसळण्याचे ठरवले. औषधविक्रेत्याच्या दुकानातून चुकून सोमलाची भुकटी आली. बाजारात त्या पेपरमिंटच्या गोळ्या विकल्या गेल्या आणि सुमारे २० माणसे, त्यांत लहान मुले, प्राणास मुकली. या दुर्घटनेनंतर १८६० साली तेथे अन्नभेसळीविरुद्ध कायदा झाला. मुलांच्या प्राणांनी तो कायदा लिहिला असेच म्हणावे लागेल. आपल्याकडे ठाणे जिल्ह्यातील मोहाचा कायदा त्यानंतर ३२ वर्षांनी झाला. तो मात्र तिजोरीच्या काळजीने लिहिलेला होता.

आरोप झालेला प्रत्येक गोड पदार्थ दोषीच निघतो असेही नाही. १८७९ साली शोधल्या गेलेल्या सॅकरीनवर अमेरिकेत १९७७ साली बंदी घालण्याचा प्रस्ताव आला, कारण उंदरांवरील प्रयोगांत कर्करोगाची शंका निघाली होती. पुढील संशोधनाने ती शंका माणसाच्या बाबतीत टिकली नाही आणि २००० साली वेष्टनावरील धोक्याची सूचना काढण्यात आली. त्याहूनही मौजेची कथा तांबड्या गोळ्यांची. अमॅरंथ नावाच्या तांबड्या रंगावर १९७६ साली अमेरिकेत बंदी आली, तेव्हा एम. अँड एम. या प्रसिद्ध चॉकलेट-गोळ्यांतील तांबडी गोळी कंपनीने काढून टाकली. त्या गोळीत तो रंग मुळी नव्हताच! केवळ दिसण्यावरून ती ११ वर्षे हद्दपार राहिली आणि १९८७ साली परत आली. हे वाचले तेव्हा आम्हांस मोहाच्या लाडवाची आठवण झाली. त्यातही दारू नव्हती. वास तेवढा होता.

आमच्या धाकट्या भावंडांच्या पिढीला आणखी एक वादग्रस्त खाऊ लाभला, तो म्हणजे साखरेची सिगारेट. पांढरी कांडी, टोकाला तांबडा ठिपका आणि पाकिटावर फँटम. इंद्रजाल कॉमिक्समुळे वेताळ म्हणून हा फँटम आपल्या मुलांना १९६४ पासून परिचित होता. तो स्वतः विडी-सिगारेट ओढत नसे, दूध पीत असे, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. पोरे ती कांडी दोन बोटांत धरून थंडीत तोंडातून वाफ सोडत आणि मोठ्या माणसांची ऐट करीत. तंबाखू त्यात नव्हती, परंतु नक्कल होती. आणि नकलेचेच भय जाणत्यांना वाटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३च्या तंबाखू नियंत्रण करारातील १६व्या कलमात सिगारेटच्या आकाराच्या गोळ्या-खेळण्यांवर निर्बंध घालण्यास सांगितले आहे. भारताने २००४ साली त्या कराराला मान्यता दिली. या बाबतीत आमचे मत कायद्याच्या बाजूचे आहे, जरी त्या कांडीच्या थंडगार पेपरमिंट चवीची आठवण अद्यापही गेलेली नाही.

आणि 'बुढ्ढीके बाल'? त्या गुलाबी कापसाचा खटला तर अगदी अलीकडे चालला. ऱ्होडामिन-बी हा कापडाचा रंग त्यात सापडल्यावरून फेब्रुवारी २०२४ मध्ये आधी पुदुच्चेरीने आणि मागोमाग तमिळनाडूने त्याच्या विक्रीवर बंदी घातली. रंगाशिवाय तो कापूस केवळ पांढरी साखर आहे. पण पांढरा कापूस मुले घेत नाहीत, असे विक्रेते सांगतात.

जुन्या करारात एक वृत्तान्त आहे. शमुवेलच्या पहिल्या ग्रंथाच्या १४व्या अध्यायात तो वाचावयास मिळतो. शौल राजाने लढाईच्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोणी अन्न खाऊ नये अशी शपथ लोकांना घातली. सैन्य रानात शिरले तो जमिनीवर मध गळत होता. भुकेने सारे कासावीस, पण भीतीने कोणी हात लावला नाही. राजपुत्र योनाथानाला ती आज्ञा ठाऊक नव्हती. त्याने काठीचे टोक मधात बुडवून तोंडाला लावले आणि त्याचे डोळे तेजाळले. पुढे हे उघडकीस आल्यावर राजा स्वतःच्या मुलाला ठार मारण्यास निघाला. लोकांनी आडवे येऊन त्याला वाचवले. प्रवचनांतून या उताऱ्यावर फारसे बोलले जात नाही. आम्ही मात्र तो वाचताना प्रत्येक वेळी रानातल्या जमिनीवर मधाच्या जागी पिवळी फुले पाहतो. योनाथान तेव्हा म्हणाला होता की बापाने देशाला त्रास दिला. लोकांनी पोटभर खाल्ले असते तर बरे झाले असते.

भुकेची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. १९९२ साली शेजारच्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. मंत्री आले, पत्रकार आले, योजना आल्या. त्यानंतर या डोंगरांतील मुलांना काय खाऊ घालावे याविषयी पुष्कळ लिहिले गेले. मोहाचा लाडू एवढ्याने ती मुले वाचली असती असा भाबडा दावा आम्ही करणार नाही; मुलाला साखरेबरोबर डाळ, तेल, दूध, औषध आणि आईला विश्रांती लागते. परंतु ज्या डोंगरात वर्षाची बेगमी करण्याचे एक फूल शंभर वर्षे चोरून ठेवावे लागले, त्या डोंगराच्या भुकेचा हिशेब मांडताना ते फूलही मोजले पाहिजे.

मे २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहाची फुले गोळा करण्यावरील, साठवण्यावरील आणि वाहतुकीवरील निर्बंध उठवले. दारू गाळण्यास परवाना लागतोच, तो लागावाच. पण फूल मोकळे झाले. १८९२ पासून मोजले तर १२९ वर्षे झाली. मधल्या काळात ठाणे जिल्ह्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, मुंबईच्या महाधर्मप्रांतातून १९९८ साली वसईचा धर्मप्रांत वेगळा झाला, आणि उंबरगावचा भाग १९६० सालीच गुजरातेत गेला होता. सीमा इतक्या वेळा हलल्या. फुलावरची बंदी तेवढी जागच्या जागी होती.

ती उठल्याची बातमी वाचल्यावर त्या मुलाला भेटावे असे वाटू लागले. मुलगा म्हणजे आता आमच्याहून थोडा लहान, पिकल्या केसांचा गृहस्थ. पुढच्या एप्रिलात पुनरुत्थानाच्या सणानंतर आम्ही सायवनकडे गेलो. तो अंगणात पाटीवर फुले पसरत होता. ओळख पटायला वेळ लागला नाही. त्याने चहा केला. सुनेने तव्यावर मूठभर फुले भाजून पळसाच्या पानावर आणून ठेवली. भाजलेल्या मोहाला बेदाण्यासारखी चव येते आणि मागे किंचित कडसर धूर राहतो. ती चव अगदी तशीच होती. पेटीची गोष्ट आम्ही काढली. क्षमा मागितली, पण ती मागताना शब्द नीट सुचले नाहीत. तो म्हणाला, "तुम्ही पण तेव्हा पोरच होते ना, दादा." मग थोडा वेळ कोणी बोलले नाही.

निघताना आम्ही त्याला सांगितले की सरकारने आता बंदी उठवली आहे, फुले ठेवायला आता हरकत नाही. त्याने आमच्याकडे जरा आश्चर्याने पाहिले.

"बंदी होती का?" त्याने विचारले, आणि पाटीवरची फुले पुन्हा हाताने सारखी करू लागला.